मनगटावरचे सामान

लांबच्या प्रवासाचे सामान बांधताना आपण यादी करतो: पांघरूण, औषधे, चार्जर, शिदोरी, ओळखपत्राच्या छायाप्रती. या यादीत मनगटी घड्याळ सहसा नसते, कारण ते पिशवीत भरायचे नसून निघताना हातात बांधायचे असते. मोबाइल आल्यापासून ते हातातूनही गेले आणि यादीतही आले नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजारांहून अधिक किलोमीटर धावते. तेवढ्या अवधीत डब्यातले निम्मे मोबाइल मान टाकतात आणि मग घड्याळ बांधलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाला सगळे वेळ विचारू लागतात.

१९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे तयार होऊ लागली. चावीचे ‘जनता’ ज्यांनी वापरले, त्यांना ते रोज ठरावीक वेळी चावी देण्याची सवय असे आणि परगावी गेल्यावरही ती मोडत नसे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अनेकांनी गळा काढला. मला त्या वस्तूपेक्षा त्या सवयीचे मोल अधिक वाटते. आपली वेळ आपल्याच हाताने चालती ठेवायची, एवढाच तिचा अर्थ होता.

आमच्या भागातला खरा लांबचा प्रवास मात्र आता रेल्वेचा राहिलेला नाही. दहावीचा निकाल लागला की मुखेड, कंधार, निलंगा, अहमदपूरकडची मुले दोन वर्षांसाठी लातूर-नांदेडला येतात. पेटी, गादी, बादली, डबा, आणि पुष्कळदा वडिलांनी पास झाल्याबद्दल घेऊन दिलेले घड्याळ. वसतिगृहात मोबाइलवर बंधने असतात, म्हणून या मुलांच्या हाती घड्याळ अजून टिकून आहे. सराव परीक्षेत कुणी तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूस वळवून ठेवतो, कुणी घड्याळ काढून बाकावर समोर मांडतो. (आम्ही प्राध्यापक मंडळीही तासाला तेच करतो, आणि तरीही तास लांबवतो.)

ज्या परीक्षेसाठी हा सारा खटाटोप, त्या ‘नीट’च्या दालनात मनगटी घड्याळाला मज्जाव आहे. २०२५ पासून तेथे १८० प्रश्नांना १८० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. ज्या मिनिटावर सगळे अवलंबून, ते पाहण्यासाठी मुलाने मान वर करून भिंतीकडे बघायचे. मागच्या बाकावरच्या, चष्मा लागलेल्या मुलाने काय करावे? कॉपी रोखण्याचा हेतू मान्य केला, तरी साध्या काट्यांच्या घड्याळात लपवण्यासारखे काय असते, हे कुणी सांगत नाही. २०२४ मध्ये पाटणा आणि हजारीबाग येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही नमूद केले. तो काही विद्यार्थ्यांच्या मनगटावरून फुटला नव्हता. व्यवस्थेला स्वतःच्या तिजोऱ्या सांभाळता आल्या नाहीत आणि झडती मात्र सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची होते, याची चीड यावी इतकी ही विसंगती उघड आहे.

माझ्या मते साध्या, काट्यांच्या घड्याळाला परवानगी मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत शिकवणी चालवणाऱ्यांनी निदान शेवटचे दोन महिने सराव परीक्षा मनगटी घड्याळाविना घ्याव्यात, आणि खोलीतले भिंतीवरचे घड्याळ सर्व बाकांवरून दिसेल असे टांगावे. पालकांनी मात्र पेटी भरताना घड्याळ वगळू नये. पहाटे उठायला, मेसच्या वेळा सांभाळायला, शनिवारी गावाकडची शेवटची एसटी गाठायला ते लागतेच. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर उन्हात उभी असलेली आई ते आपल्या हातात बांधून बसते, आणि आत किती वेळ उरला हे मुलापेक्षा तिलाच नेमके ठाऊक असते.