नळी, बुरशी आणि आपली सोय

आमच्या काकांचे वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह जुना. गेल्या वर्षी लघवी अडल्यामुळे त्यांना इस्पितळात नेऊन नळी बसवावी लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले होते, ‘दहा दिवसांनी आणा, नळी काढू.’ आम्ही नेले नाही. रात्री उठवावे लागत नव्हते, अंथरूण ओले होत नव्हते. सारे कसे सोयीचे झाले होते. मध्यंतरी लघवी गढूळ दिसली म्हणून औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकांच्या गोळ्याही आम्ही परस्पर आणून दिल्या. महिना उलटला, आणि तपासणीच्या कागदावर शब्द आला : ‘कॅन्डिडा’, म्हणजे बुरशी!

घाबरून आम्ही डॉक्टरांकडे जालीम औषध मागितले. त्यांनी शांतपणे विचारले, ‘काकांना ताप आहे? ओटीपोटात दुखते? नाही ना? मग सर, आधी नळी काढू.’ नळी निघाली, काका स्वतः लघवी करू लागले, आणि काही दिवसांनी केलेल्या तपासणीत बुरशी नव्हती. औषधाची एक गोळीही लागली नाही.

वाचकहो, ही बुरशी कोठून परकी येत नाही. ती आपल्या तोंडात, आतड्यांत, त्वचेवर एरवी निमूटपणे नांदत असते. तेथील जिवाणू तिला आवरून धरतात. प्रतिजैविकांनी ते जिवाणू मेले की तिला मोकळे रान मिळते. मधुमेह्याच्या लघवीतील साखर तिला पोसते आणि नळीच्या पृष्ठभागावर ती बुळबुळीत थर धरून बसते. आम्ही अजाणता या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या होत्या.

लघवीत बुरशी सापडली म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. त्रास नसेल तर बहुधा औषध लागत नाही. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत हाच कागद गंभीरपणे घ्यावा लागतो : कर्करोगाच्या उपचारांनी ज्यांच्या पांढऱ्या पेशी फार घटल्या आहेत ते, अपुऱ्या दिवसांची व अत्यल्प वजनाची अर्भके आणि ज्यांच्या मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हावयाची आहे ते. तसेच थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, लघवीला जळजळ किंवा लघवी अडणे ही लक्षणे असल्यास क्षणाचाही विलंब नको. बुरशी मूत्रपिंडात पोहोचली तर तेथे तिचे गोळे होऊन मार्ग तुंबू शकतो. क्वचित ती रक्तातही भिनते.

औषधांपैकी फ्लुकोनॅझोल लघवीत चांगले उतरते, म्हणून बहुधा तेच देतात. पण ते आपल्या मनाने घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा आणि ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम त्यामुळे वाढतो. रक्तस्राव होऊ शकतो, साखर एकाएकी खाली जाऊ शकते. शिवाय काही बुरश्या त्याला दाद देत नाहीत. २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णिलेली कॅन्डिडा ऑरिस ही तशीच हट्टी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या यादीत तिला सर्वाधिक चिंतेच्या बुरश्यांत घातले आहे.

ज्या घरी नळी लावलेला रुग्ण आहे, तेथे पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली असावी. हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने धुवावेत. नळी विनाकारण सोडू वा ओढू नये. साखर आटोक्यात ठेवावी. आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा, ‘ही नळी अजून हवीच आहे का?’

नळी निघाल्यावर काका एवढेच म्हणाले, ‘अरे, महिनाभर बांधून घातल्यासारखे वाटत होते.’ त्यांनी तक्रार केली नव्हती आणि आम्ही विचारले नव्हते. सोय आमची होती, भोग त्यांचा. आता रात्री दोनदा आम्ही त्यांना हात देऊन उठवतो.