विश्लेषण : गिनी पिगचा डोळा वेगळा दिसतोय... थांबायचे कधी, धावायचे कधी?

गिनी पिगच्या डोळ्यात पांढरे काही दिसले की घरातले घाबरतात आणि हाताशी असेल तो ड्रॉप टाकतात. डोळा नुसताच अर्धा मिटलेला असेल, तर ‘होईल दोन दिवसांत बरा’ म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा याच्या नेमके उलट करायला हवे. दोन्हींतला फरक ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. रोज दोन मिनिटे नीट बघावे लागते.

गाई-म्हशींच्या गावात हा प्रश्न का?

माळशेज घाट ओलांडून ओतूरकडे निघाले की कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर डिंगोरे लागते. जुन्नर तालुक्यातल्या या पट्ट्यात दावणीच्या जनावराचे दुखणे लोकांना चेहऱ्यावरून कळते. गाय रवंथ करत नाही, शेळी मान टाकते, बैलाच्या डोळ्यात फूल पडते, याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. मात्र कल्याणच्या किंवा पुण्याच्या दुकानातून मुलांच्या हट्टापायी गिनी पिगची जोडी घरात आली, की ही पिढीजात जाण अपुरी पडते.

नावात ‘पिग’ असले तरी या प्राण्याचे डुकराशी नाते नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतला, उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी आहे. शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असल्याने आजार लपवण्याकडे त्याचा कल असतो. दुखणे उघडपणे दिसू लागते तेव्हा ते बरेच पुढे गेलेले असते. म्हणूनच त्याच्या डोळ्याकडे लक्ष ठेवणे महत्त्वाचे. दात, आहार आणि राहण्याची जागा या तिन्हींत काही बिघडले, तर त्याची खूण डोळ्यावर उमटू शकते.

डोळ्यातून दुधासारखा द्रव येतो, तो आजार आहे का?

नाही. गिनी पिगच्या डोळ्यातून दिवसातून काही वेळा पांढरट, पातळ द्रव येतो. पुढच्या दोन पायांनी तो चेहऱ्यावर पसरवून हा प्राणी तोंड स्वच्छ करतो. काही क्षणांत डोळा पुन्हा चकचकीत दिसतो. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला हा पू किंवा मोतीबिंदू वाटतो.

फरक सोपा आहे. हा द्रव दोन्ही डोळ्यांत येतो, पातळ असतो आणि पुसला जातो. घट्ट, पिवळसर किंवा हिरवट चिपडे, पापण्या चिकटणे, डोळ्याभोवतीचे केस सतत ओले राहणे किंवा एकाच डोळ्यातून पाणी गळणे हे मात्र स्वच्छतेच्या द्रवाचे लक्षण नाही. तो आजार समजावा.

आणखी एक गैरसमज म्हणजे ‘हा डोळे मिटतच नाही’. गिनी पिग पापण्या फार कमी वेळा लववतो आणि अनेकदा उघड्या डोळ्यांनीच झोपतो. तसेच लाल किंवा गुलाबी डोळे हा काही जातींचा जन्मजात रंग असतो, आजार नसतो. असे डोळे प्रखर उन्हाला नाजूक असतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पापणीखाली वाटाण्याएवढा फुगवटा दिसतो, तो?

खालच्या पापणीच्या आतून गुलाबी-पांढरट मऊ भाग बाहेर डोकावतो आणि रांजणवाडी झाल्यासारखे वाटते. इंग्रजीत याला ‘पी आय’, म्हणजे वाटाणा-डोळा, असे म्हणतात. तिथे साचलेली चरबी किंवा ग्रंथीचा पुढे आलेला भाग हे त्याचे कारण असते. दिसायला विचित्र, पण सहसा निरुपद्रवी. तो दाबणे, टोचणे, शेकणे यांतले काहीही करू नये. डोळा नीट मिटत नसेल, कोरडा पडत असेल किंवा फुगवटा झपाट्याने वाढत असेल, तरच उपचाराचा विचार होतो.

बुबुळ पांढरे दिसते, म्हणजे मोतीबिंदूच का?

पांढरेपणा कुठे आहे, यावर उत्तर ठरते. बाहुलीच्या आत, खोलवर धूसर पांढरा ठिपका दिसला तर तो बहुधा मोतीबिंदू. तो जन्मजात असू शकतो, वयाने येतो किंवा मधुमेहामुळेही होतो. त्याने सहसा दुखत नाही. पिंजऱ्यातली मांडणी न बदलल्यास कमी दिसणारा गिनी पिगही वास, मिशा आणि आवाजाच्या आधाराने व्यवस्थित जगतो.

बुबुळाच्या कडेला चंद्रकोरीसारखी किंवा कड्यासारखी पांढरी रेघ दिसली, तर तिथे हाडासारखा कठीण थर तयार झालेला असू शकतो. गिनी पिगमध्ये हा प्रकार आढळतो. त्रास नसेल तर तो तसाच ठेवतात. मात्र डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होण्याची शक्यता असल्याने अधूनमधून तपासणी हवी.

तिसरा प्रकार धोक्याचा. पांढरा-निळसर ढग डोळ्याच्या अगदी पृष्ठभागावर, समोरच्या पारदर्शक पडद्यावर असतो. डोळा अर्धा मिटलेला, पाणी गळते आणि प्राणी उजेड टाळतो. गवताची काडी टोचून जखम झाली की असे होते. बैलाच्या डोळ्यात ‘फूल पडणे’ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चटकन ओळखता येईल. इथे तासांचा हिशेब असतो, आठवड्यांचा नाही.

डोळ्यांत वेगळेपण किती आढळते?

ब्रिटनमध्ये १००० गिनी पिगच्या डोळ्यांची पाहणी झाली. २०१० मध्ये तिचे निष्कर्ष पशुनेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ४५ टक्के प्राण्यांच्या डोळ्यांत काही ना काही वेगळेपण आढळले. भिंगातले दोष त्यांत सर्वाधिक होते. म्हणजे ‘वेगळा डोळा’ ही दुर्मीळ घटना नाही. त्यांतले सगळेच वेगळेपण उपचार मागत नाही, आणि म्हणूनच कोणते मागते हे कळणे गरजेचे ठरते.

लगेच दवाखाना गाठायच्या खुणा कोणत्या?

डोळा अचानक अर्धा किंवा पूर्ण मिटणे, पृष्ठभागावर पांढरा-निळा ढग, पिवळे-हिरवे चिपडे, डोळ्यात रक्त, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आल्यासारखा दिसणे. शेवटच्या लक्षणाचे मूळ अनेकदा डोळ्यात नसून दातांत असते. गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढतात. पुरेसे गवत चावले नाही तर दाढांची मुळे वर सरकतात, डोळ्यामागे गळू होते आणि डोळा बाहेर ढकलला जातो. अशा वेळी डोळ्यात कितीही ड्रॉप टाकले तरी उपयोग नाही.

या खुणांसोबत खाणे थांबले असेल तर वाट बघूच नये. या प्राण्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. एक दिवस उपाशी राहिलेला गिनी पिगही जिवावर बेतणाऱ्या अवस्थेत जाऊ शकतो.

मेडिकलमधला ड्रॉप का नको?

सर्वांत मोठे नुकसान इथे होते. घरात कुणाचे डोळे आले होते तेव्हाची उरलेली बाटली किंवा दुकानदाराने दिलेला ड्रॉप यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि सूज उतरते, घरच्यांना बरे वाटते. मात्र आत काडीची जखम असेल तर ती भरण्याऐवजी खोल जाते आणि डोळा कायमचा गमावू शकतो. म्हणून पशुवैद्यक आधी नारिंगी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला लावून पाहतात. जखम असेल तर ती निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. ही तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांची आहे आणि ती झाल्याशिवाय स्टेरॉइडचा थेंबही पडता कामा नये.

तोंडावाटे दिलेले औषध याहून घातक ठरू शकते. पेनिसिलिन, अमोक्सिसिलिन यांसारखी माणसांना सर्रास दिली जाणारी प्रतिजैविके गिनी पिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारतात. त्यातून हगवण लागून प्राणी दगावतो. म्हणजे डोळ्यासाठी दिलेली गोळी जीव घेते. मध, तुरटी, हळदीचे पाणी हेही डोळ्यात नकोच. दवाखान्यात पोहोचेपर्यंत निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने चिपडे हलकेच पुसणे आणि प्राण्याला सावलीत, शांत जागी ठेवणे, इतकेच घरी करावे.

क जीवनसत्त्वाचा डोळ्यांशी संबंध काय?

माणसाप्रमाणेच गिनी पिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. नॉर्वेतील ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख यांनी १९०७ मध्ये आहार बदलून गिनी पिगमध्ये स्कर्व्ही घडवून दाखवली. पुढे क जीवनसत्त्वाच्या शोधाला त्या कामाची मदत झाली. कमतरता झाली की सांधे सुजतात, केस राठ होतात, हिरड्यांतून रक्त येते, डोळे-नाक चिकट होते आणि संसर्गाशी लढण्याची ताकद घटते.

निरोगी प्रौढ गिनी पिगला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व लवकर निकामी होते आणि खाद्याच्या जुन्या पाकिटातलेही घटत जाते. त्यामुळे ताजी भाजी हाच खात्रीचा मार्ग. २५ ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीतून सुमारे २० मिलिग्रॅम मिळते. सोबत पेरूची लहान फोड, मूठभर कोथिंबीर. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला यासाठी बाजार शोधावा लागत नाही. फक्त फवारणी झालेला माल टाळावा आणि भाजी धुऊन द्यावी.

याच शिवारातल्या काही गोष्टी मात्र विषारी आहेत. ओतूरचा बाजार कांद्याचा, नारायणगावचा टोमॅटोचा, आंबेगावातल्या सातगाव पठाराची ओळख बटाट्याची. कांदा आणि त्याची पात, टोमॅटोचा पाला, बटाट्याचा पाला यांतले काहीही गिनी पिगपुढे टाकू नये. गाईला चालणारा लसूणघासही प्रौढ गिनी पिगला रोज नको. त्यातल्या जास्त कॅल्शियममुळे मूतखड्याचा धोका वाढतो.

डोळ्याला इजा करणाऱ्या गोष्टीही घरातच असतात. कडब्याची टोकदार धाटे, पावसाळ्यात बुरशी धरलेला पेंढा, लाकडाच्या वखारीतला बारीक भुसा, चुलीचा धूर आणि न बदललेल्या अंथरुणातला मूत्राचा उग्र वास. मऊ, कोरडे, धूळ झटकलेले गवत आणि वारंवार बदललेले अंथरूण एवढ्याने बराच त्रास टळतो.

जन्मतःच डोळे बिघडलेले असतील तर जबाबदार कोण?

गिनी पिगची पिल्ले उघड्या डोळ्यांनी, अंगभर केसांसह जन्मतात. मात्र ‘रोन’ किंवा ‘डाल्मेशियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, रंगीत अंगात पांढरे केस मिसळलेल्या दोन प्राण्यांची जोडी लावली तर काही पिल्ले पूर्ण पांढरी, अतिशय लहान डोळ्यांची किंवा डोळ्यांविना जन्मतात. दातही वेडेवाकडे असतात. बरीच फार जगत नाहीत. हा दैवाचा फेरा नाही. आकर्षक रंगासाठी किंवा अज्ञानाने लावलेल्या जोडीचा तो परिणाम आहे.

पाळीव प्राणी विक्री दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत आणि राज्य मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. ग्राहकाने नोंदणी विचारावी, आई-बापाचा रंग विचारावा, डोळे-दात पाहूनच प्राणी घ्यावा. नर-मादी नीट ओळखून न दिलेली जोडी घरी आली की काही महिन्यांत पिंजरा भरतो. त्यामुळे दोन माद्या घेणे शहाणपणाचे.

डिंगोऱ्यातून दाखवायचे कुठे?

शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना आणि १९६२ हा टोल फ्री क्रमांक ही पहिली पायरी. ही व्यवस्था मुख्यतः पशुधनासाठी उभी राहिली आहे. देशाच्या पशुगणनेत सशाची नोंद होते, गिनी पिगची होत नाही. तरीही डोळ्याची जखम ओळखण्याचे मूळ कौशल्य गाईसाठी आणि गिनी पिगसाठी एकच आहे. औषधाची निवड आणि मात्रा तेवढी वेगळी. पुढची गरज पडली तर परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहेच. पण जखमी डोळा घेऊन घाट उतरणे किंवा पुण्याच्या पलीकडे जाणे प्रत्येक घराला जमणारे नाही.

म्हणून तालुका पातळीवरच्या पशुवैद्यकांना लहान पाळीव प्राण्यांचे थोडक्यात प्रशिक्षण, दवाखान्यात जखम दाखवणाऱ्या त्या रंगीत पट्ट्या आणि महाविद्यालयातल्या तज्ज्ञाला मोबाइलवर फोटो पाठवून सल्ला घेण्याची सोय, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी बरेच डोळे वाचतील. ‘गाईंना डॉक्टर मिळेना, तिथे गिनी पिगचे काय’ हा आक्षेप येईल आणि तो अगदी खोटा नाही. मात्र यांतली एकही गोष्ट गाईच्या वाट्याचे काही काढून घेत नाही. पट्टी आणि फोटोवरचा सल्ला बैलाच्या डोळ्यालाही तितकाच उपयोगी आहे.

प्राणी छोटा, किंमत कमी, म्हणून उपचार नको हा हिशेब अनेक घरांत होतो. तो पैशाचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण तो प्राणी घरी आणण्याआधी करायचा असतो. आणल्यानंतर रोज सकाळी भाजी देताना दोन्ही डोळे बघावेत, आठवड्यातून एकदा वजन करावे आणि शंका आली तर फोटो काढून तारीख लिहून ठेवावी. प्राणी हाताळल्यावर हात धुवावेत, कारण गिनी पिगचे डोळे येण्यामागचा क्लॅमिडिया जिवाणू क्वचित माणसालाही बाधतो. मुलांच्या हट्टाने आलेल्या प्राण्याचे हे रोजचे काम मुलांकडेच सोपवावे आणि मोठ्यांनी त्यावर नजर ठेवावी.