पुढच्या चाकांचा आवाज

पावसाळा सरत आला की शहापूर-मुरबाड पट्ट्यातील मोटारी पुढच्या बाजूने आवाज करू लागतात. साचलेल्या पाण्याखाली खड्ड्याची खोली कळत नाही. आणि आटगावहून शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड अशी उधारी-वसुलीची फेरी करणाऱ्या व्यापाऱ्याला खड्डे चुकवून चालत नाही. मग गाडी गॅरेजमध्ये जाते, ‘पुढून आवाज येतो’ एवढेच सांगितले जाते आणि दोन्ही शॉकअप बदलून, हजारोंचे बिल चुकते करून गाडी आवाजासह घरी परत येते.

‘पुढून आवाज येतो’ ही तक्रार अपुरी आहे. तेरीज जुळली नाही म्हणून आपण संपूर्ण खातेवही नव्याने लिहीत नाही. फरक कोणत्या तारखेपासून पडला आणि तो नावे बाजूला आहे की जमा बाजूला, हे आधी पाहतो. आवाजाचेही तसेच. तो कधी येतो, हे नीट सांगता आले तर निम्मे निदान गॅरेजच्या दारातच होते.

जुन्या अँबॅसडर व फियाट गाड्यांच्या पुढच्या सांध्यांना ठराविक काळाने ग्रीस भरावे लागे. त्या निमित्ताने कारागीर गाडीखाली जाई आणि ढिला सांधा त्याच्या नजरेस पडे. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत मॅक्फर्सन पद्धतीची रचना असते. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० साली फोर्ड कॉन्सल या गाडीत आली आणि १९८३ च्या मारुती ८०० मुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचली. तीत स्प्रिंग व शॉकअप मिळून एकच खांब असतो, खाली लोअर आर्म असतो आणि चाकाचा खालचा भाग त्या आर्मला एका बॉल जॉइंटने जोडलेला असतो. हा सांधा रबरी टोपीत कायमचा बंद असतो. ग्रीस भरण्याचे काम गेले, त्याबरोबर गाडीखाली डोकावण्याची सवयही गेली. टोपी फाटली की पाणी व चिखल आत शिरतो आणि सांधा आतून झिजतो. मालकाला मात्र आवाज येईपर्यंत पत्ता नसतो.

आता आवाजांकडे येऊ. सर्वप्रथम डिकीतील जॅक, पाना, स्टेपनी आणि सीटखालची पाण्याची बाटली बाहेर काढावी. हे हसण्यावारी नेऊ नये. बरेच ‘सस्पेन्शनचे आवाज’ येथेच संपतात. त्यानंतरही सावकाश चालताना बारीक खडबडीवर खटखट होत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. हा भाग तुलनेने स्वस्त असतो. मात्र त्याच खडबडीवर ब्रेकवर हलका पाय ठेवताच आवाज थांबला, तर दोष ब्रेक पॅडच्या ढिलाईत असतो. उभ्या गाडीचे स्टेअरिंग वळवताना करकर होऊन स्प्रिंग उसळल्यासारखी वाटली तर शॉकअपच्या माथ्यावरील बेअरिंग पाहावे. पूर्ण वळवलेल्या चाकांनी गाडी पुढे नेताना चाकाच्या फेऱ्याबरोबर कटकट ऐकू येते ती एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची असते. डाव्या वळणावर भार उजव्या चाकावर जातो, म्हणून तेथे ती वाढली तर उजवे बेअरिंग तपासावे.

ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यात चाक आदळताना येणारा जड ‘धप्’ आवाज मात्र स्वतंत्र विचार मागतो. तो लोअर आर्मच्या झिजलेल्या बुशचा असू शकतो, तसाच बॉल जॉइंटचाही. माझ्या परिचयातील आटगावच्या एका भात-व्यापाऱ्याच्या गाडीचे शॉकअप शहरातील एका गॅरेजने बदलले. आवाज राहिला. ‘जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच’ असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनीही ते मान्य केले. दिवाळीत सहकुटुंब नाशिकला निघण्यापूर्वी केवळ हवा तपासायला ते महामार्गावरील एका लहानशा गॅरेजमध्ये थांबले. तेथील कारागिराने आवाज ऐकला, चाक उचलून लोअर आर्मखाली पहार लावली आणि ती दाबताच बॉल जॉइंट सॉकेटमध्ये वरखाली हलला. आटगावपुढे खर्डी आणि त्यापुढे कसारा घाट. हा सांधा निखळला तर चाक खालून बाहेर फेकले जाते आणि गाडी त्या बाजूला बसते. घाटाच्या वळणावर त्याचा अर्थ काय, ते सांगायला नको. प्रवास एक दिवस लांबला, इतकेच.

या तपासणीला मोठी यंत्रे लागत नाहीत. चाक जॅकवर उचलून, गाडीला खालून घोडीचा पक्का आधार देऊन, चाकावर घड्याळातील नऊ व तीनच्या जागी हात धरून हलवावे. खेळ जाणवला तर टायरॉड एंड किंवा स्टेअरिंग रॅक संशयित. मग बारा व सहाच्या जागी धरून हलवावे. येथे खेळ असल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा संभव अधिक. आवाज लोखंडातून प्रवास करतो, डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो. म्हणून कानावर विसंबून भाग मागवण्यापेक्षा हाताने खात्री करावी.

लिंक रॉडची खटखट घेऊन महिनाभर फिरले तरी बहुधा केवळ कान किटतात. बॉल जॉइंट आणि टायरॉड एंड यांच्या बाबतीत मात्र एका दिवसाचीही सवलत देऊ नये. टायरॉड सुटला तर स्टेअरिंग हातात असूनही ते चाक आपले ऐकत नाही.

काम झाल्यावर जुना भाग परत मागावा आणि झिजलेली जागा कारागिराकडून दाखवून घ्यावी. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन चाकांवर घेऊन शेवटचे आवळले का, हेही विचारावे. चाक लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि नवे बुश लवकर फाटते. आर्म किंवा टायरॉड बदलल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे. आणि पैसे देण्यापूर्वी कारागिराला शेजारी बसवून, ज्या गतिरोधकावर आवाज येत होता त्याच गतिरोधकावरून गाडी एकदा न्यावी.