प्रश्न दारापर्यंत पोचला का?

टोमॅटोच्या हंगामात आमच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात कधी उभे राहून पाहावे. शेतकरी आपल्या मालाशेजारी उभा असतो, व्यापारी त्याच्यादेखत बोली बोलतात आणि भाव चार माणसांच्या कानांवर पडतो. पूर्वी कित्येक बाजारांत रुमालाखाली बोटे धरून सौदे होत. ज्याचा माल, त्यालाच आकडा कळायचा नाही. उघड लिलाव आला म्हणून भाव वाढून मिळाला असे नाही. पण काय ठरते आहे, हे धन्याला कळू लागले. मतदानाचा विषय निघाला की मला हा रुमाल आठवतो.

उमेदवार निवडण्याचे मतदान आपल्या अंगवळणी पडले आहे. पण माणसाऐवजी एखादा प्रश्नच मतपत्रिकेवर आला तर? आपल्या राज्यघटनेत सार्वमताची सर्वसाधारण तरतूद नाही. तरीही आपल्या शेजारच्या गोव्यात एकदा असे मतदान झाले आणि त्यात पणाला लागले होते ते महाराष्ट्राचेच नाव.

गोवा 1961च्या डिसेंबरात मुक्त झाला. संयुक्त महाराष्ट्राचा विजय तेव्हा ताजा होता. गोवा आज ना उद्या महाराष्ट्रात येणार, असे आपल्याकडच्या पुष्कळ घरांत गृहीतच धरले गेले होते. त्यासाठी संसदेने 1966 साली खास कायदा केला. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. पण मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. 16 जानेवारी 1967 रोजी गोवेकरांनी कौल दिला. विलीनीकरण हवे असेल तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही कळावे इतका प्रश्न सोपा केला होता.

परंतु चिन्ह सोपे असले म्हणजे प्रश्न समजला, असे होत नाही. तो घरोघरी पोचवावा लागतो, आणि गोव्यात तो दोन्ही बाजूंनी पोचला. 'गोमन्तक' हे दैनिक विलीनीकरणाची बाजू मांडत होते. विरुद्ध बाजूला जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता, उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी होती आणि मडगावचे 'राष्ट्रमत' होते. हे 'राष्ट्रमत' मराठी दैनिक होते, हे मला फार सूचक वाटते. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच गाजले. महाराष्ट्रात जाऊ नका, ही गोष्ट मराठी वाचणाऱ्या गोवेकराला मराठीतूनच सांगितली गेली! ज्याचे मन वळवायचे, त्याच्या उंबऱ्यावर त्याच्या सवयीच्या भाषेत जावे लागते, एवढे त्या मंडळींनी नेमके ओळखले होते.

ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदार मतदानाला आले. दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा. महाराष्ट्राला हा निकाल लागला, नाही असे नाही. पण तो पाळला गेला. आणि गंमत अशी, की त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. नेता हवा, पण त्याचे हे एक मत नको, असे स्पष्ट सांगण्याची सोय एरवीच्या निवडणुकीत कुठे असते?

ही झाली जुनी गोष्ट. आपल्या गावात आज काय? आज आपल्याकडे 'आडवी बाटली' आहे. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे, अशी किमान 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की गुप्त मतदान घेता येते. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. चित्र स्वच्छ आहे. खरी मेख आहे ती हिशेबात. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात.

समजा, गावात हजार महिला मतदार आहेत. सहाशे जणी आल्या. 480 मते आडव्या बाटलीला आणि 120 उभ्या बाटलीला पडली. चौपट मते मिळूनही दुकान चालूच राहणार, कारण 501चा आकडा गाठला नाही. घरी राहिलेल्या चारशे जणींना दुकान हवे होते का? मुळीच नाही. कुणी द्राक्षाच्या खुड्याला गेली होती, कुणाला तारीखच ठाऊक नव्हती, कुणाला वाटले की माझ्या एका मताने काय होणार. पण हिशेबात त्यांचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्याच कामी आले. मग फळ्यावर नोटीस लागली, दवंडी झाली, म्हणजे प्रश्न पोचला असे कसे म्हणावे?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कायद्याचे प्रस्ताव राज्यभर मतदानाला येतात. 2024च्या नोव्हेंबरात एकाच वेळी असे दहा प्रस्ताव होते. तिथले सरकार मतदानापूर्वी मतदारांच्या घरी एक पुस्तिका धाडते. प्रस्ताव काय आहे, सरकारी तिजोरीवर त्याचा काय भार पडेल, समर्थकांचे म्हणणे, विरोधकांचे म्हणणे, आणि दोघांची एकमेकांना उत्तरे, असे सारे तीत छापलेले असते. स्वित्झर्लंडमध्येही मतदानाच्या तीन-चार आठवडे आधी अशी माहिती घरपोच येते. तिथे सगळे आलबेल आहे असे नव्हे. कॅलिफोर्नियात सह्या गोळा करायला पैसे देऊन माणसे नेमतात आणि जाहिरातींवर अमाप पैसा ओततात. तरीही दोन्ही बाजू एका पुस्तिकेत शेजारी-शेजारी बसतात, हे थोडे नाही.

आपल्याला एवढी जाड पुस्तिका नको. एक पान पुरे. मतदानाची तारीख, प्रश्न, दोन्ही बाजूंचे म्हणणे पाच-पाच ओळींत आणि निकालाचा हिशेब. ते मतदानाआधी किमान दहा दिवस प्रत्येक घरात मिळावे आणि वाचता न येणाऱ्या आजींना कुणीतरी वाचून दाखवावे. दुकानदाराची बाजूही त्यात असू द्यावी. ती ऐकूनही बायकांनी बाटली आडवी केली, तर निकालाला अधिक वजन येईल. मतदानावर खर्च होतोच. त्यात या पानाचा खर्च तो किती?

तोवर हे काम आपल्यालाच करावे लागेल. गावात असे मतदान लागले, तर शेजारणीला तीन गोष्टी सांगा: कोणत्या दिवशी जायचे, कोणत्या चित्रावर शिक्का मारायचा, आणि घरी बसले तर मत कोणाच्या पारड्यात पडते. तिने काय ठरवावे, हा तिचा प्रश्न. पण सौदा तिच्या मालाचा आहे. तो रुमालाखाली व्हायला नको.