किमचा पाहुणचार की आणखी काही?

उत्तर कोरियाला जाऊन आलेल्या माणसाला आधी हेच ऐकावं लागतं : गेलात ना किमचा पाहुणचार झोडायला! २०१५ च्या मे महिन्यात ३० महिला गेल्या, त्यांचीही यातून सुटका झाली नाही. ग्लोरिया स्टायनम होत्या, वय ८१. शांततेचं नोबेल मिळालेल्या मॅरेड मॅग्वायर आणि लेमा बोवीही होत्या. प्योंगयांगमध्ये तिथल्या बायकांशी बोलून २४ मेला त्या सीमेवरचा निर्लष्करी पट्टा ओलांडून दक्षिणेत आल्या. पायी यायचं होतं, परवानगी मिळाली बसची.

टीका अगदीच बिनबुडाची नव्हती. तिथल्या सरकारी पेपरनं राजवटीची स्तुती त्यांच्या तोंडी घातली, मग यांना खुलासे करत बसावं लागलं. दाखवतील तेवढंच बघायचं म्हणजे काय, हे आम्हा तालुक्याच्या पत्रकारांना कुणी शिकवायला नको. सरकारी दौऱ्यात गाडी त्यांची, जेवण त्यांचं, गावही त्यांनीच निवडलेलं. तरी जातोच की आपण!

म्हणून मी त्या बायकांच्या बाजूचा. १९५३ ला युद्ध थांबलं ते शस्त्रसंधीवर, शांतता करार अजून नाही. भाऊ इकडे, बहीण तिकडे, अशी कितीतरी माणसं भेट न होताच गेली.

२०१७ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याचा तिथल्या कैदेनंतर मृत्यू झाला आणि अमेरिकेनं आपल्या पासपोर्टवर तिकडे जायलाच बंदी घातली. राग समजतो. पण किमचं काय अडलं? अडलं ते अमेरिकेतल्या कोरियन म्हाताऱ्यांचं. सख्ख्या बहिणीला भेटायचं, तर आधी स्वतःच्याच सरकारकडे खास परवानगीचा अर्ज करा.