इंजिनाचा आवाज 'नॉर्मल', मग आमचा आवाज का खटकतो?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमधली अनेक पोरं आज स्टिअरिंगवर आहेत. कुणी अंबरनाथच्या एमआयडीसीतून माल उचलतो, कुणी उल्हासनगरच्या बाजारातलं फर्निचर पोचवतो, कुणी बदलापूरहून भिवंडीच्या गोदामांना फेऱ्या मारतो. काल दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर असलेला पोरगा आज स्वतःच्या ट्रकचा मालक झाला आहे. काचेवर 'जय भीम' आहे आणि आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. हा बदल लहान नाही. म्हणूनच या पोरांची शोरूममध्ये जी अडवणूक होते, ती आम्ही त्यांची खासगी कटकट मानत नाही. तो चळवळीचा विषय आहे, असं आमचं म्हणणं आहे.

अडवणूक कशी होते ते आधी पाहू. नवी गाडी सहा-आठ महिने चालते. मग सकाळी थंड इंजिन चालू केलं की टकटक ऐकू येते, किंवा भरलेली गाडी चढाला लागली की खडखड सुरू होते. पोरगा सर्व्हिस सेंटरला जातो. तिथला सुपरवायझर बॉनेटजवळ मिनिटभर कान लावतो आणि सांगतो, "डिझेल गाडी आहे, आवाज येणारच. नॉर्मल आहे." जॉबकार्डवर लिहिलं जातं 'जनरल चेकअप'. गाडी परत मिळते, सोबत 'काम समाधानकारक' या ओळीखाली सही घेतली जाते. दुसऱ्या खेपेला ऑइल बदलतात, तिसऱ्या खेपेला पार्ट मागवलाय म्हणून सांगतात. एवढ्यात किलोमीटर संपतात आणि चौथ्या खेपेला उत्तर मिळतं, "आता वॉरंटी नाही."

हे 'किलोमीटर संपणं' नीट समजून घ्या. वॉरंटी अमुक वर्षं किंवा अमुक किलोमीटर, यांपैकी 'जे आधी होईल ते' अशी असते. ज्याची गाडी रोज पळते त्याची वॉरंटी कॅलेंडरने संपत नाही, मीटरने संपते. म्हणजे जो जास्त राबतो त्याचं संरक्षण आधी सरतं. आणि गाडी वर्कशॉपमध्ये उभी असली म्हणून हप्ता थांबत नाही.

आता कुणी विचारेल, यात जातीचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. इंजिनाला जात नसते. एकट्या गाडीच्या मालकाला, तो कुठल्याही जातीचा असो, डीलर असाच फिरवतो. पन्नास गाड्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्याची तक्रार वेगळ्या टेबलावर ऐकली जाते, कारण त्याची पुढची ऑर्डर डीलरला हवी असते. पण आपल्या पोराकडे गाडी जशी एकच आहे, तसा ओळखीचा वकील, व्यापारी मामा किंवा कंपनीत बसलेला काका एकही नाही. पिढ्यान् पिढ्या संपत्ती आणि धंदा नाकारला गेला, त्याचा हा हिशेब आहे. जात इथे शिवी बनून येत नाही, ती पाठबळाच्या अभावातून येते. उद्या काउंटरवर कुणी जातीवरून बोललं तर त्यासाठी ॲट्रॉसिटी कायदा आहे आणि तो वापरायलाच हवा. पण वॉरंटीच्या भांडणाला वॉरंटीचंच हत्यार लागतं. दोन्हींची सरमिसळ केली तर दोन्ही दावे कच्चे होतात.

गाडी आणि आपला इतिहास यांचं नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत दोन प्रवास नोंदवले आहेत. १९०१ च्या सुमारास लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांकडे कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर गाडीवान विटाळाच्या भीतीने गाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनीच बैलगाडी हाकली. पुढे १९२९ मध्ये परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टर आंबेडकरांना चाळीसगावच्या टांगेवाल्याने बसवून न्यायला नकार दिला. वस्तीतल्या माणसाने टांगा हाकला, त्याला सराव नव्हता. टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं. तिथून आपण स्वतःच्या ट्रकपर्यंत आलो आहोत. दुप्पट पैसे मोजून अर्धी सेवा घेण्याची सवय मात्र अजून आपल्या अंगात आहे. ती मोडली पाहिजे.

कायदा आपल्या बाजूने किती आहे ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. डीलरचे लोक पहिला दम देतात तो असा, "ट्रक कमर्शियल आहे, तू ग्राहकच नाहीस." हे अर्धसत्य आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे हे खरं. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू या वगळण्यात येत नाही, असं कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण म्हणून ट्रकच घेतला होता. स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. मात्र वाहन घेऊन ते पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिलं, तर तो ग्राहक नाही. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: गाडी मी स्वतः चालवतो, यावरच माझं घर चालतं. सोबत लायसन्स जोडा.

जिल्हा आयोगाकडे ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार करता येते. शुल्क ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. शोरूम कुठेही असो, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. म्हणजे आपल्यासाठी ठाणे जिल्हा. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद करता येते, पण या फोनने दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात, कारण खोटी आशा लावणं ही फसवणूकच आहे. आवाज आला म्हणून नवा ट्रक मिळत नाही. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वॉरंटीत पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची हमी असेल, तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. तेव्हा मागणी नेमकी ठेवा: दोष शोधा, पार्ट बदला, गाडी उभी राहिल्याची भरपाई द्या. दुसरं, डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका मोटारीच्या प्रकरणात जुनं मॉडेल नवं म्हणून विकलं गेलं होतं. त्यात डीलर जबाबदार राहिला, पण कंपनीचा दोष सिद्ध न झाल्याने टाटा मोटर्स सुटली. कुणाची चूक कुठे आहे, हे पुराव्याने दाखवावं लागतं.

आणि पुरावा कोर्टात जाऊन तयार होत नाही. तो सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तयार होतो. म्हणून प्रत्येक ट्रकवाल्या साथीने एवढं करावं:

१. जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' नको. 'थंड इंजिन चालू केल्यावर टकटक, गरम झाल्यावर कमी' किंवा 'भरलेल्या गाडीला चढावर खडखड' असं लिहायला लावा. तारीख आणि मीटरचा आकडा हवाच.

२. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. त्याच व्हिडिओत मीटर आणि गाडीचा नंबर दिसू द्या. मूळ फाइल पुसू नका.

३. सुपरवायझरला शेजारी बसवून, माल भरून गाडी चालवा. उभ्या गाडीत न येणारा आवाज लोडवर येतो. शक्य असेल तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी चालू करून फरक दाखवा.

४. 'नॉर्मल आहे' हे उत्तर लेखी मागा. देत नसतील तर तुम्हीच ईमेल करा: अमुक तारखेला तुम्ही असं सांगितलं, मला ते मान्य नाही.

५. काम झालं नसेल तर समाधानाच्या ओळीखाली कोरी सही करू नका. 'आवाज कायम आहे' असं लिहून मग सही करा.

६. बाहेरच्या गॅरेजात इंजिन उघडू नका. टॅपेट असो, नोझल असो की टर्बो, एकदा बाहेर पाना लागला की कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. ऑइल आणि फिल्टरची बिलंही याच कारणाने जपा.

७. हप्त्याच्या पावत्या, बिल्ट्या, बुडालेल्या फेऱ्यांचा हिशेब ठेवा. नुसतं 'माझं नुकसान झालं' म्हटल्याने भरपाई मिळत नाही.

आपल्या भागासाठी एक वेगळी सूचना. उल्हास नदीचा पूर बदलापूरने २००५ मध्ये आणि २०१९ मध्ये पाहिला आहे. पाणी शिरून इंजिन बिघडलं तर तो वॉरंटीचा नव्हे, विम्याचा दावा होतो. तशा गाडीला स्टार्टर मारू नका, टो करून न्या. आणि गाडी कधी पाण्यात गेलीच नसेल, तर 'इंजिनने पाणी घेतलं' हे डीलरचं कारण पुराव्याशिवाय मान्य करू नका.

आता चळवळीतल्या दोन आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप तरुणांचा: "कागद कशाला? पन्नास पोरं घेऊन शोरूमला जाऊ, तासाभरात काम होईल." कधी कधी होतंही. पण काच फुटली की गुन्हा आपल्या पोरांवर दाखल होतो आणि डीलर फिर्यादी बनतो. इंजिनाचा आवाज बाजूला राहतो, पोरगं तारखांना फिरत राहतं. महाडचा सत्याग्रह आपण २० मार्च १९२७ म्हणून लक्षात ठेवतो. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सनातन्यांनी तळं खासगी असल्याचा दावा कोर्टात केला. मनाई हुकूम आला तेव्हा बाबासाहेबांनी दुसऱ्या परिषदेत पुन्हा तळ्यावर जाणं थांबवलं आणि ते खटला लढले. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात, आपल्या बाजूने. ओंजळभर पाण्याच्या मागे जवळपास दहा वर्षांची कागदी लढाई आहे. मोर्चाला आमचा विरोध नाही. मोर्चा कागदांच्या फायलीसह निघावा, एवढंच म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप जुन्या कार्यकर्त्यांचा: "ट्रकमालकाचं भांडण चळवळीने का लढायचं? तो तर मालक झाला." कसला मालक? हप्ता थकला की गाडी ओढून नेली जाते आणि हा पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्जासाठी आपण आंदोलनं करतो. मग त्या कर्जातून आलेली गाडी वर्कशॉपमध्ये सडत असताना गप्प कसे बसतो? २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्या विसंगतीचा इशारा दिला होता. ती विसंगती शोरूमच्या काउंटरवरही भेटते.

'भाऊंना फोन लावतो' या वाटेनेही काम होतं. पण ते काम भाऊंचं उपकार म्हणून होतं आणि निवडणुकीत त्याची वसुली होते. हक्काची गोष्ट उपकार म्हणून घ्यायची नाही, हेच तर आपण शिकलो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत, अंबरनाथमध्ये आणि बदलापुरात जिथे बुद्धविहार आहे, तिथे महिन्यातला एक रविवार गाडीवाल्यांसाठी ठेवा. कायदा शिकलेली आपली मुलं-मुली आहेत, त्यांनी तक्रारी लिहून द्याव्यात. मेकॅनिक असलेल्या साथींनी आवाज ऐकून तो कुठून येतो ते समजावून सांगावं. एकाच मॉडेलच्या पाच गाड्यांना एकच आवाज येत असेल, तर पाचही जॉबकार्डं एका फाइलीत लावा. एकट्याची तक्रार 'नॉर्मल' ठरते, पाच जणांची तक्रार दोषाचा पुरावा होऊ लागते. व्यापाऱ्यांना संघटनेची ताकद केव्हाच कळली आहे. 'संघटित व्हा' हा मंत्र तर आपल्या घरातला आहे.

येत्या रविवारी विहारात येताना वॉरंटी बुक आणि सगळी जॉबकार्डं घेऊन या.

जय भीम! जय संविधान!