सुपातले आणि जात्यातले

‘एकीचे बळ’ हे शब्द शाळेच्या भिंतीवर वाचतच आपण मोठे झालो. म्हाताऱ्याच्या मोळीची गोष्टही सर्वांना पाठ आहे. पण मोळीत कोणत्या काटक्या बांधायच्या आणि कोणत्या बाहेर ठेवायच्या, हे कोणी ठरवायचे? हा प्रश्न त्या गोष्टीत येत नाही.

त्याचे उत्तर मी अमेरिकेतील वैमानिकांच्या संपांत शोधू लागलो, तेव्हा मित्र हसले. “विमानाची पायरी कधी चढलास का?” नाही चढलो. पण वैमानिक हा कामगारांतला सर्वांत वरच्या पायरीवरचा माणूस. पगार भरपूर, मान मोठा. तरीही १९३१ सालीच तेथील वैमानिकांना संघटना काढावी लागली. वरच्या पायरीवरचा माणूस खालच्यासाठी थांबतो की नाही, यातच एकीचा कस लागतो.

वैमानिकाचा जीव त्याच्या सेवाज्येष्ठतेच्या क्रमांकात असतो. कोणते विमान मिळणार, कॅप्टन कधी होणार, सुट्टी केव्हा मिळणार, हे सारे त्या यादीवर ठरते. कंपनी सोडली की क्रमांक गेला. वीस वर्षांचा कॅप्टनही दुसऱ्या कंपनीत यादीच्या तळाशी जातो. म्हणून हा स्वार्थ त्याला कधी एकीकडे ढकलतो, तर कधी फितुरीकडे.

१९७८ साली अमेरिकेने विमान कंपन्यांवरील सरकारी नियंत्रणे उठवली आणि खर्च कापण्याची शर्यत लागली. ऑगस्ट १९८१ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला. अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. वैमानिक विमाने उडवीत राहिले. ऑगस्ट १९८३ मध्ये कॉन्टिनेन्टल कंपनीतील मेकॅनिक संपावर गेले, तेव्हा वैमानिक त्यांचा दारावरचा पहारा ओलांडून कामावर हजर झाले. आपल्या पोळीवर तूप ओढणे म्हणतात ते हेच. पण सहाच आठवड्यांनी कंपनीचे प्रमुख फ्रँक लोरेन्झो यांनी दिवाळखोरी पुकारली, करार मोडीत काढले, सुमारे बारा हजार नोकरांना घरी पाठवले आणि त्यांतल्या एक तृतीयांशांना जवळजवळ निम्म्या पगारावर परत बोलावले. १ ऑक्टोबरला वैमानिकही संपावर गेले. तो संप दोन वर्षांहून अधिक चालला आणि हरला. जात्यातले रडतात तेव्हा सुपातले हसतात, असे आपल्या आज्या म्हणत. सुपातल्यांनाही जात्यातच पडायचे असते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नसे.

याउलट मे १९८५ मधील युनायटेड कंपनीचा संप पाहा. नव्याने येणाऱ्या वैमानिकांना कमी वेतनश्रेणी द्यावी, जुन्यांना हात लावू नये, असा कंपनीचा डाव होता. जुन्यांचे यात एका पैशाचेही नुकसान नव्हते. तरी ते २९ दिवस संपावर राहिले. कंपनीने तयार केलेल्या सुमारे ५७० नव्या वैमानिकांपैकी बहुतेकांनीही संप फोडण्यास नकार दिला. ज्यांच्या नोकरीचा पहिला दिवसही उजाडला नव्हता, त्यांनी तो पणाला लावला! पगाराचा वाद मिटल्यावरही संप लांबला, त्यात या मुलांच्या नोकरीचा प्रश्न होता. अखेरच्या समझोत्यात मात्र त्यांना जागा मिळाली नाही. त्यांना न्यायालयातून न्याय मिळवावा लागला. दुहेरी वेतनश्रेणीही आलीच, फक्त तिला मुदतीची मर्यादा पडली.

कोणी म्हणेल, जुन्यांनी केले तेही स्वार्थापोटीच. स्वस्तातला नवा वैमानिक उद्या आपलीच किंमत उतरवील, हे त्यांना कळत होते. मला हा आक्षेप मान्य आहे. पण लांबवर पाहणारा स्वार्थ आणि एकी यांत फारसे अंतर राहत नाही, असे मला वाटते. मात्र एकीने विजय मिळतोच, असे मी म्हणणार नाही. मार्च १९८९ मध्ये लोरेन्झो यांच्याच ईस्टर्न कंपनीत मेकॅनिक संपावर गेले. या वेळी वैमानिक त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण नोव्हेंबरमध्ये वैमानिकांनी माघार घेतली आणि जानेवारी १९९१ मध्ये कंपनीच बंद पडली.

हे सारे मला जवळचे का वाटते? माझे वडील एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. कायम कामगारांच्या युनियनचा करार झाला, त्या दिवशी गेटवर पेढे वाटले. वडिलांनाही एक मिळाला. पगारवाढ मिळाली नाही, कारण करारात कंत्राटी कामगारांचा उल्लेखच नव्हता. तो पेढा त्यांनी रुमालात बांधून माझ्यासाठी आणला. पेढे वाटणारे वाईट नव्हते. त्यांतले दोघे आमच्याच आळीतले आहेत. त्यांनी फक्त मोळी लहान बांधली होती.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिलाच. उद्या कदाचित मला कायम नोकरी मिळेल, युनियनचे कार्डही मिळेल. तेव्हा कराराच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यात कोणाचे नाव राहून गेले आहे, हे मी पाहीन का? आज मी ‘हो’ म्हणतो. हे लिहून ठेवतो आहे ते एवढ्यासाठी, की त्या दिवशी कोणीतरी हा अंक माझ्यासमोर ठेवावा.